पाच कोटी पानं, दोन हजार पंच्याण्णव फळं: एका संशोधनविषयाची जडणघडण

पहिल्या भेटीत तिने माझ्यापुढे ठेवलेल्या कागदावर तीन शब्द होते: ‘महाभारत आणि संख्याशास्त्र’. त्याखाली ‘व्याप्ती’ आणि पुढे ‘संपूर्ण महाभारत’. मी विचारलं, “वेळ किती आहे तुझ्याकडे?”

“एक सत्र, मॅडम.”

दोघीही हसलो. कागद मात्र तिने मागे घेतला नाही.

मुलगी हुशार. पदवीला संख्याशास्त्र, त्यात उत्तम गुण, आणि मग घरच्यांच्या कपाळावर आठ्या आणून एम.ए.ला संस्कृत. शेवटच्या सत्रात ऐंशीएक पानांचा लघुप्रबंध लिहायचा असतो, विषय आदल्या सत्रात ठरवून मंजूर करून घ्यायचा असतो. आपल्या दोन्ही शिक्षणांना जोडणारं काहीतरी करायचं एवढं तिचं पक्कं होतं. बाकी काहीच पक्कं नव्हतं. त्या तीन शब्दांपासून मंजूर आराखड्यापर्यंत साडेचार महिने गेले. लघुप्रबंध पुढे कसा झाला हे या टिपणात फारसं येणार नाही. तिला विचारून लिहिते आहे, नाव देत नाही.

‘आणि’चं दुखणं

असे विषय दरवर्षी येतात. ‘कालिदास आणि पर्यावरण’, ‘कौटिल्य आणि व्यवस्थापन’, ‘उपनिषदे आणि भौतिकशास्त्र’. मधल्या ‘आणि’वर सगळी भिस्त. उजवीकडचं शास्त्र आधीच ठरलेलं असतं, आणि डावीकडच्या ग्रंथाने त्याला नुसती मान डोलवायची असते. त्यातून प्रबंध होतो, नाही असं नाही. पण तो उताऱ्यांची यादी होतो, आणि यादी कुठेही थांबवली तरी चालते.

तिचा पहिला कच्चा आराखडा असाच होता. अक्षौहिणीचं कोष्टक होतं: रथ २१,८७०, हत्ती २१,८७०, घोडे ६५,६१०, पायदळ १,०९,३५०. एकास एक, तीन, पाच हे प्रमाण दाखवणारा रंगीत पाय-चार्ट होता. अठरा अक्षौहिणींची बेरीज होती. चार्ट सुरेख होता. मी विचारलं, “हे पाहून तुला स्वतःला नवीन काय कळलं?” ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “काहीच नाही. आदिपर्वात जे प्रमाण दिलंय तेच मी रंगवलं.”

हे तिने स्वतः म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटलं. बहुतेकांचा अख्खा लघुप्रबंध होतो आणि हे वाक्य उच्चारलंच जात नाही.

विषय शोधणाऱ्याला ‘तुला काय आवडतं’ असं विचारायची पद्धत आहे. मी ते हल्ली विचारत नाही. आवडीच्या उत्तरात माणूस स्वतःबद्दल बोलतो, ग्रंथाबद्दल नाही. मी तिला विचारलं, “वाचताना कुठे अडखळलीस? जिथे ‘असं कसं?’ वाटलं अशी एखादी जागा सांग.” दोन दिवसांनी ती आली ती जरा संकोचूनच. पदवीच्या वर्गात नमुना निवड शिकवताना तिच्या सरांनी नल राजाची गोष्ट सांगितली होती: राजा ऋतुपर्ण झाडाची एक डहाळी निरखतो, त्यावरून सगळ्या फांद्यांवरच्या फळांचा अंदाज करतो, नल रात्रभर मोजतो आणि अंदाज बरोबर निघतो. पुढे एम.ए.ला आल्यावर तिने तो भाग मुळातून वाचला.

“मला ती डहाळी सापडलीच नाही. म्हटलं, माझं संस्कृत कच्चं असेल.”

तिचं संस्कृत कच्चं नव्हतं.

झाडापाशी थांबलेला रथ

ज्यांना प्रसंग आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. द्यूतात राज्य घालवलेला नल बाहुक नावाने, विद्रूप रूपात, अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी म्हणून राहतो आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते आणि एका दिवसात विदर्भ गाठायचा असतो. रथ असा सुटतो की राजाचं उपरणं खाली पडतं; ‘थांब’ म्हणेपर्यंत ते योजनभर मागे राहिलेलं असतं. सारथ्याचं हे कसब पाहून राजालाही आपलं कसब दाखवावंसं वाटतं. समोर फळांनी लगडलेला बेहडा आहे. ‘सर्वः सर्वं न जानाति’ अशी प्रस्तावना करून तो आकडे सांगतो: या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि दोन हजार पंच्याण्णव फळं. बाहुक म्हणतो, मला मोजून पाहू द्या. राजाला घाई आहे, बाहुक हटत नाही. तो उतरतो, झाड पाडतो, मोजतो, आणि थक्क होतो. ही विद्या कोणती असं विचारल्यावर राजाचं उत्तर: ‘विद्ध्यक्षहृदयज्ञं मां सङ्ख्याने च विशारदम्’. फाशांचं हृदय जाणणारा आणि मोजणीत निष्णात असा मी आहे. मग अश्वहृदयाच्या, म्हणजे नलाच्या अश्वविद्येच्या, बदल्यात अक्षहृदय, अशी देवाणघेवाण होते. ते मिळताच नलाला पछाडून त्याचं राज्य घालवणारा कली त्याच्या अंगातून विष ओकत बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात शिरतो.

पुढच्या आठवड्यात ती पडलेल्या चेहऱ्याने आली. ग्रंथालयात तिला तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांचं संभाव्यतेच्या उगमावरचं १९७५ सालचं पुस्तक मिळालं होतं, आणि सुरुवातीच्याच पानांत हीच गोष्ट. ती आपल्याला संख्याशास्त्रज्ञ वि. प्र. गोडांबे यांच्याकडून कळली, अशी नोंदही. “झालेलं आहे, मॅडम. मी जन्मायच्या आधी झालेलं आहे.”

इथे पुष्कळ जण विषय सोडतात, आणि चुकतात. आधी कुणीतरी लिहिलंय याचा अर्थ एवढाच की भांडायला कुणीतरी मिळालं. मी तिला एक वही करायला सांगितली. डाव्या बाजूला हॅकिंग आणि तिचे सर काय सांगतात ते, उजव्या बाजूला त्याच तपशिलासाठी मूळ श्लोकातले शब्द. उजवीकडे अनुवाद लिहायचा नाही, फक्त संस्कृत. शब्द नसेल तर जागा कोरी ठेवायची.

चार दिवसांत वही झाली. ‘एक डहाळी निरखून’ या ओळीसमोर कोरी जागा. ‘रात्रभर मोजलं’ यासमोर ‘मुहूर्तमिव’: रथावरच्या दुसऱ्या सारथ्याने, वार्ष्णेयाने, क्षणभर लगाम धरावा, एवढंच बाहुक मागतो. ‘अंदाज केला’ यासमोर पुन्हा कोरी जागा. तिथे शब्द आहेत ‘सङ्ख्यान’ आणि ‘गणित’, दोन्ही मोजणीचे. हॅकिंग यांचा यात मोठा दोष नाही. त्यांच्या हाती अनुवाद होता, आणि डहाळीबद्दल लिहिताना ‘असं दिसतं’ एवढी सावधगिरी त्यांनी बाळगली आहे. ती सावधगिरी वर्गात पोचेपर्यंत गळून गेली होती.

विषय अजून झालेला नव्हता. ‘अमुक लेखकाची चूक’ हा टिपणाचा मजकूर, लघुप्रबंधाचा नव्हे.

जिथे तिचं शिक्षण कामाला आलं

ज्या दिवशी विषय खरंच उभा राहिला तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याशी वाद घालायला आली. तोवर ती विचारायला यायची.

“हा अंदाज असूच शकत नाही,” ती म्हणाली. “नमुन्यावरून काढलेला आकडा असा येत नाही. तो ‘दोन हजारांच्या आसपास’ असा येतो. इथे ‘फलसहस्रे द्वे पञ्चोनं शतमेव च’. दोन हजार, आणि पाच उणे शंभर. इतका नेमका आकडा सांगणारा माणूस अंदाज करत नाहीये, तो मोजून झाल्यासारखं बोलतोय. आणि त्याच श्लोकात पानं मात्र पाच कोटी. गोल. एकाच वाक्यात एक आकडा मोजलेला आणि एक आकडा नुसता मोठा.”

मी हा श्लोक वीस वर्षं शिकवत आले आहे. हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. संस्कृतवाल्यांची नजर आकड्यावरून घसरते; ‘दोन हजार पंच्याण्णव’ आम्ही ‘पुष्कळ’ असं वाचतो. अचूक आकड्याचा संशय येणं ही संख्याशास्त्राच्या शिक्षणाने लागलेली खोड. आता ‘आणि’ची गरज उरली नव्हती. तिचं एक शिक्षण दुसऱ्याला हरकत घेत होतं.

मग तिने हिशेब मांडला. सेकंदाला एक या वेगाने २,०९५ फळं मोजायला पस्तीस मिनिटं लागतात. मुहूर्त म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. फळं मुहूर्तात बसतात! पानं? पाच कोटी सेकंद म्हणजे जवळपास ५७९ दिवस. स्वयंवराचं बाजूलाच राहो, चातुर्मास दोनदा येऊन जाईल. एवढं झाल्यावर ती पुन्हा मजकुराकडे वळली आणि तिला दिसलं की बाहुक सुरुवातीलाच म्हणतो, ‘सङ्ख्यास्यामि फलान्यस्य’, याची फळं मोजीन. मोजून झाल्यावरही ‘तावन्त्येव फलानि च’, फळं तेवढीच. पानांचा आकडा कुणी पडताळलेलाच नाही.

मी समासात लिहिलं: ‘स्टॉपवॉच खाली ठेव.’ ‘मुहूर्तमिव’मध्ये ‘इव’ आहे, आणि महाकाव्यात मुहूर्त म्हणजे बहुतेक वेळा नुसतं ‘थोडा वेळ’. त्यावर अठ्ठेचाळीस मिनिटांचा इमला चढवला तर कुणीही एका फुंकरीने पाडेल. ‘फळं तेवढीच, पानांचा उल्लेख नाही’ हे निरीक्षण मात्र घड्याळाशिवाय उभं राहतं. तिथेही मी तिला अडवलं. “तो शेवटचा ‘च’ काय करतोय तिथे?” संस्कृतात ‘च’ म्हणजे ‘आणि’. तो नुसता चरण भरायला आलेला असेल तर तिचं म्हणणं टिकतं, ‘फळंसुद्धा’ असा अर्थ असेल तर पानं मागल्या दाराने आत येतात. या एका अक्षरावर पुढे तिची दोन पानं खर्च झाली. माझ्या मते लघुप्रबंधातली ती सर्वांत चांगली दोन पानं आहेत. पाय-चार्ट कुठे आणि हा ‘च’ कुठे.

तळटीपेतली ओळ

इथवर ती एका प्रचलित छापील आवृत्तीवर काम करत होती. आता चिकित्सित आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेली आवृत्ती, उघडणं भाग होतं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारतातलं आरण्यकपर्व, ज्यात नलाची ही गोष्ट (नलोपाख्यान) येते, वि. सी. सुखठणकरांनी स्वतः संपादित केलं, ते १९४२ साली आलं. विद्यार्थी त्या आवृत्तीला घाबरतात, कारण पानाचा वरचा भाग संहितेचा आणि खाली बारीक टायपात पाठभेदांचं जंगल. मी तिला एकच गोष्ट सांगितली: वरचं वाचून झालं की खालचं वाचायचं, आणि ‘हे कुणी का घातलं असेल’ असा प्रश्न दर ओळीला विचारायचा.

प्रचलित पाठात राजा नाखुशीने ‘मोज’ म्हणतो आणि पुढे जोडतो: ‘एकदेशं च शाखायाः’, मी दाखवलेला फांदीचा एक भाग मोज, तुझं समाधान होईल. चिकित्सित संहितेत तो फक्त ‘गणयस्व’ म्हणतो; ही ओळ खाली गेली आहे. म्हणजे ‘थोडा भाग मोजून सगळ्याची खात्री करणं’ ही कल्पना या प्रसंगाच्या परंपरेत आहे खरी, पण दोन अटींवर. एक, ती राजाच्या अंदाजाबद्दल नाही, नलाच्या पडताळणीबद्दल आहे. दोन, सुखठणकरांनी ठरवलेल्या संहितेत ती नाही, नंतर कुणीतरी घातलेली दिसते.

“का घातली असेल?” मी विचारलं.

तिने क्षणभर विचार केला आणि तिचा चेहराच बदलला. “त्यालाही पाच कोटींचा प्रश्न पडला असेल!”

हे सिद्ध करता येत नाही. आराखड्यात ते ‘शक्यता’ या शब्दाखालीच गेलं. पण कोण्या अनाम लेखनिकाला, रथ खोळंबलेला असताना एवढं सगळं मोजून कसं होईल अशी शंका आली असावी आणि त्याने ‘थोडंच मोज’ ही सोय करून दिली असावी, ही कल्पना मला आजही मोहवते. तिला तर एक जुना सहाध्यायी मिळाल्यासारखं झालं.

बेहड्याच्या बिया

तरीही मूळ प्रश्न बाकी होता. राजा अंदाज करत नाही, मोजतो असं धरलं, तर धावत्या रथातून झाडाकडे पाहून कोण मोजतं? आणि मोजणीचं कसब आणि फाशांचं हृदय हे राजा एकाच दमात का सांगतो? आपल्या डोळ्यांसमोर फासे म्हणजे सोंगट्यांच्या पटावरचे ठिपकेवाले. त्यात मोजायचं काय असतं?

याचं उत्तर झाडात होतं, आणि ते शंभरहून अधिक वर्षांपूर्वी देऊन झालेलं आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त, चौदा ऋचांचं, जुगाऱ्याचं. त्यातले अक्ष म्हणजे ‘विभीदक’, बेहड्याच्या बिया. त्यांवर ठिपके नसतात. जर्मन संस्कृतज्ञ हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०७ मध्ये दाखवलं की या खेळात महत्त्व बियांच्या संख्येला होतं: चाराने भागून बाकी शून्य तर कृत, तीन तर त्रेता, दोन तर द्वापर, एक तर कली. युगांची म्हणून आपल्याला पाठ असलेली नावं ही मुळात डावांची नावं. सूक्तातला जुगारी ‘अक्षस्याहमेकपरस्य हेतोः’ म्हणतो, एकाने वाढलेल्या अक्षापायी मी निष्ठावान बायकोला दुरावलो. ते ‘एकपर’ या खेळातच नीट कळतं. आणि ‘त्रिपञ्चाशः क्रीळति व्रात एषाम्’, त्यांचा जमाव त्रेपन्नांचा की दीडशेंचा यावर मतं वेगळी असली तरी हा पाच-सहा फाशांचा खेळ नाही एवढं उघड आहे.

असा खेळ असेल तर बियांच्या राशीकडे पाहताक्षणी किती आहेत हे ओळखणं हेच खेळाचं मर्म. संख्यान हे अक्षहृदयाचंच अंग. मग राजाने नेमक्या बेहड्याच्या झाडावर प्रात्यक्षिक दाखवणं हा योगायोग उरत नाही, आणि कलीने नेमक्या त्याच झाडात शिरणंही नाही.

एके दिवशी ती पिशवीभर बेहडे घेऊन विभागात आली. दोन-तीन सेंटिमीटरचं फळ, अंगावर पुसट कंगोरे, रंग मातकट. टेबलावर टाकले तर फाशासारखे उलटसुलट होत नाहीत, जरा घरंगळतात आणि बसतात. मी मूठभर उचलून टाकले आणि पटकन म्हणाले, बारा. होते चौदा. म्हणजे द्वापर. तासाभरात एक गोष्ट जाणवली ती अशी की डोळा आपोआप चाराचे पुंजके शोधू लागतो. पुंजके झाले की उरलेले किती एवढंच पाहायचं. एकूण संख्या लागतच नाही.

तिथून तिला प्रयोगाचा मोह झाला. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७१ साली पेटीत घेवड्याचे दाणे टाकून, एका नजरेत किती ओळखता येतात याचे हजारावर प्रयोग स्वतःवरच केले होते. चारापर्यंत त्यांची चूक झाली नाही, पाचापासून होऊ लागली. ‘चार’ हा आकडा पाहून ती उडालीच: कृत चाराचंच! वर्गातल्या तीस जणांवर बेहड्यांचा प्रयोग करते म्हणाली. मी नको म्हटलं, आणि हा निर्णय बरोबर होता की नाही याबद्दल मला आजही थोडी शंका आहे. प्रयोग मजेदार झाला असता. पण आजच्या तीस विद्यार्थ्यांची नजर मोजून नलोपाख्यानातल्या शब्दाचा अर्थ ठरत नाही. तो मानसशास्त्राचा स्वतंत्र प्रकल्प आहे आणि त्याच्या परवानग्याही वेगळ्या. जेव्हन्स एका परिच्छेदापुरते राहिले.

मोहाचा एक आठवडा

याहून धोकादायक मोह पुढे होता. राजा एक तिसरा आकडाही सांगतो: ‘तत्रैकमधिकं शतम्’, एकशे एक. गळून पडलेली एकशे एक, की पडलेली आणि झाडावरची यांतला फरक एकशे एक, याचा अन्वय सरळ लागत नाही. तिने अन्वय सोडून तिन्ही आकड्यांना चाराने भागलं. पाच कोटी: बाकी शून्य, कृत. दोन हजार पंच्याण्णव: बाकी तीन, त्रेता. एकशे एक: बाकी एक, कली!

रात्री साडेदहाला मेसेज आला. तीन उद्गारचिन्हं.

खरं सांगते, मीही क्षणभर हलले. कलीने पछाडलेल्या माणसाला ज्या झाडापाशी मुक्ती मिळते त्या झाडाच्या आकड्यात कली लपलेला! असं काही सापडलं की माणूस पुढचे सहा महिने फक्त भागाकार करत बसतो. मी उत्तर पाठवलं: “आणि द्वापर कुठे गेला?” कलीच्या सांगण्यावरून फाशांत शिरून नलाला बुडवण्यात मदत करतो तो द्वापरच, त्याला वगळून हे गुपित कसलं?

हे प्रकरण मात्र मी मिटवलं नाही, तिने मिटवलं. दोन दिवसांनी ती आली ती हिशेब घेऊन. कुठलेही तीन आकडे घेतले तर त्यांच्या बाक्या तिन्ही वेगवेगळ्या येण्याची शक्यता चोवीस भागिले चौसष्ट. आठात तीन. “म्हणजे मी डोळे मिटून तीन आकडे लिहिले तरी जवळजवळ चाळीस टक्के वेळा मला हा साक्षात्कार झाला असता.” तिने ते पान फाडलं नाही, वहीत ठेवलं. मी तिला ते परिशिष्टात टाकायला सांगितलं, ‘न टिकलेलं गृहीतक’ म्हणून. आपल्याकडे न टिकलेली गृहीतकं छापायची पद्धत नाही, असायला हवी.

काय काय गळलं

समितीपुढे जाण्याआधी तिच्या आराखड्यात अजून बरंच काही होतं. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तलं द्यूताध्यक्षाचं प्रकरण, जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेण्याच्या नियमासह. मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकातला पळपुटा जुगारी संवाहक. सभापर्वातली शकुनीची बाजी. सगळंच रसाळ, आणि सगळंच ‘आणि’च्या वाटेने परत आलेलं. कसोटी एकच लावली: हे काढलं तर मूळ प्रश्नाचं उत्तर अडतं का? ऋग्वेदाचं सूक्त काढलं तर अडतं. संवाहक काढला तर अडत नाही. सभापर्वावर आमची खडाजंगी झाली, कारण नलाची गोष्ट सांगितली जाते ती द्यूतात हरलेल्या युधिष्ठिराला, आणि शेवटी बृहदश्व ऋषी त्यालाही अक्षहृदय देतो. तडजोड अशी झाली की ही चौकट उपसंहारात दोन पानं घेईल, शकुनी बाहेर.

अंतिम प्रश्न एका वाक्यात बसला: ऋतुपर्णाचं ‘सङ्ख्यान’ हा अंदाज आहे की मोजणी, आणि त्याचा अक्षहृदयाशी संबंध या उपाख्यानाचा पाठ काय म्हणून सांगतो? शीर्षक ठरलं: ‘नलोपाख्यानातील सङ्ख्यान: ऋतुपर्ण-बाहुक प्रसंगाचा पाठचिकित्सा आणि अक्षद्यूत यांच्या आधारे अभ्यास’. ‘आणि’ आलाच. या वेळी मी काही बोलले नाही.

समितीत अपेक्षेप्रमाणे दोन्ही बाजूंनी हल्ला झाला. एक सदस्य म्हणाले, यात संख्याशास्त्र कुठे आहे, एकही सूत्र दिसत नाही. दुसऱ्या म्हणाल्या, संस्कृतच्या विद्यार्थिनीला बियांच्या भागाकाराचं काय काम? तिने दोघांना मिळून एकच उत्तर दिलं. २,०९५ हा आकडा अंदाजाचा नाही हे मला संख्याशास्त्रामुळे दिसलं, तो अंदाजाचा का समजला गेला हे पाठभेदांमुळे. आराखडा एका दुरुस्तीसह मंजूर झाला: संदर्भित अध्यायांचे क्रमांक चिकित्सित आवृत्तीप्रमाणे द्यावेत. नलोपाख्यान तिथे ५० ते ७८ आहे आणि प्रचलित आवृत्तीत ५३ पासून सुरू होतं; आम्ही दोघींनी सहा ठिकाणी घोळ करून ठेवला होता.

पुढच्या सत्राअखेर तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, मितभाषी. त्यांनी लघुप्रबंध खूप खुणा करून आणला होता, पण विचारलं फारच थोडं. शेवटी चष्मा काढून म्हणाले, “बाई, फळं नलाने मोजली, ते ठीक. पानं कुणी मोजली?”

“कुणीच नाही, सर.”

त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, तो त्या ‘च’बद्दलचा.